आयत्या वेळचे बोलणे

सोंगाड्या बोर्डावर उभा आहे. सरदाराने त्याला काहीतरी कोडे घातले आहे आणि कमरेवर हात ठेवून तो उत्तराची वाट पाहतो आहे. एवढ्यात बायका बसल्या आहेत त्या बाजूने एक तान्हे मूल टाहो फोडते. अशा वेळी नाटकातला नट काय करील? ऐकलेच नाही असे दाखवील आणि आपले वाक्य एक पट्टी वर चढवून म्हणून टाकील. सोंगाड्या तसे करीत नाही. तो थांबतो, त्या बाजूला कान देतो आणि सरदाराला म्हणतो, "बघा सरदार, तुमचा सवाल त्याला बी अवघड गेला. मी तर अजून रडलो पन न्हाई." सगळे रान हसते. मुलाची आई हसते. त्या हसण्याच्या आवाजाने मूलही क्षणभर गप्प होते.

श्रोतेहो, हे वाक्य कुणी लिहिलेले नव्हते. कालच्या गावात ते नव्हते आणि उद्याच्या गावात ते असणार नाही, कारण तिथे ते मूल असणार नाही. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या आयत्या वेळच्या बोलण्याविषयी. ते पाहताना आपण नेमके काय पाहत असतो, आणि ते कुणाच्या जिवावर चालते, एवढेच मी सांगणार आहे.

हा धंदा आता शहरातही चालतो, जरा निराळ्या वेषात. तिथे ढोलकी नसते, हलगी नसते, मावशी नसते आणि पेंद्याही नसतो. एक माणूस हातात ध्वनिक्षेपक घेऊन रिकाम्या मंचावर येतो आणि तास दीड तास एकटाच बोलतो. त्याला 'स्टँड-अप' म्हणतात, म्हणजे उभ्याउभ्याचा विनोद. बहुतेक जण घरून तयार करून आलेलेच बोलतात. पण त्यांच्यात काही असे असतात की, ते समोर बसलेल्या माणसालाच विचारतात, "काय हो, कुठून आलात? काय करता?" आणि त्याच्या उत्तरातून पुढचा सगळा कार्यक्रम उभा करतात. हा प्रकार तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिला असेल. खेड्यातही तो आता घरोघर पोचला आहे.

पण मोबाइलवर पाहणे आणि समोर बसून पाहणे यात फार अंतर आहे, आणि ते आवाजाचे किंवा चित्राचे अंतर नव्हे. मोबाइलवर जो तुकडा येतो तो जमलेला असतो, म्हणूनच तो येतो. दहा वेळा फसलेले कुणी दाखवीत नाही. समोर बसलात म्हणजे ही हमी जाते. त्याने प्रश्न विचारला, समोरच्याने भलतेच उत्तर दिले, आणि आता हा काय बोलणार हे तुम्हाला ठाऊक नसते. त्यालाही ठाऊक नसते. त्या एका श्वासापुरते तुम्ही आणि तो एकाच होडीत बसलेले असता. डोंबारी दोरावरून चालतो तेव्हा आपण मान वर करून का बघतो? तो पडू शकतो म्हणून. इथेही तसेच आहे. फरक एवढाच की, डोंबारी पडला तर हाड मोडते आणि हा पडला तर नुसती शांतता पसरते. त्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर हाड परवडले असे तो सांगेल.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही माणसे सगळे हवेतून काढतात असे आपल्याला वाटते. तसे नसते. तमाशातली रीत पाहा. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असा तो क्रम. जुन्या वगातली पदे बांधलेली असत, त्यांत फारसा बदल होत नसे. पण मधले गद्य बोलणे कुणी लिहून देत नसे. फडातला जाणता माणूस कथानक सांगायचा. राजा कोण, फितूर कोण, राणीला वनवास कुठल्या ठिकाणी होतो, एवढे समजले की ज्याने त्याने आपापले बोलायचे. हे कसे जमे? पोर फडात येई ते आधी मागे उभे राहून झील धरायला. तुणतुणे हातात, नजर पुढच्यांच्या पाठीवर, आणि कान उघडे. अशी वर्षामागून वर्षे गेली की, शेकडो सवाल, शेकडो उलटी उत्तरे, हसण्याच्या नाना जागा त्याच्या अंगात मुरून जात. पुढे तो सोंगाड्या होऊन बोर्डावर आला म्हणजे जे बोले त्यातले पुष्कळसे जुनेच असे. नवे असे ते एवढेच की, या क्षणाला या गावात त्यातले कोणते काढायचे. आपल्या कीर्तनकारबुवांचेही असेच असते. पूर्वरंगात श्रोत्यांच्या तोंडाकडे बघून बुवा दृष्टांत बदलतात, ते दृष्टांत काही त्या रात्री जन्मलेले नसतात.

युरोपात इटली देशात सोळाव्या ते अठराव्या शतकापर्यंत अशाच नाटकमंडळ्या गावोगाव फिरत. त्यांचेही लिहिलेले नाटक नसे. कथेचा आराखडा लिहिलेला एक कागद पडद्यामागे टांगलेला असे. नट आत आला की तो बघून घेई आणि पुन्हा बाहेर जाई. हसवायचे ठरीव तुकडे त्यांच्याजवळही असत, आणि प्रेक्षक पेंगू लागले की ते बाहेर पडत. आपल्या सोंगाड्याला त्यांचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पोट आणि प्रेक्षक दोघांनाही सारखेच होते, म्हणून युक्तीही सारखी निघाली.

शिदोरीचा दुसरा भाग म्हणजे चौकशी. फडाची गाडी गावात दुपारी पोचते. तंबू ठोकायला, चूल मांडायला माणसे लागतात, तसा एक जण चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. सरपंच कोण आहे, निवडणुकीत कोण आपटला, सोसायटीच्या कर्जाचे काय झाले, कुणाचा बैल बाजारात मोठ्या किमतीला गेला, हे सगळे दोन कप चहात कळते. रात्री तेच सोंगाड्याच्या तोंडून बाहेर पडले की लोक मांडीवर थाप मारून म्हणतात, "आयला, याला कसं ठाऊक?" ठाऊक असणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. जो सोंगाड्या गावाची चौकशी न करता बोर्डावर चढतो, त्याचा विनोद कुठल्याही गावात चालण्यासारखा असतो, आणि म्हणून कुठल्याच गावात रुतत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण म्हणतो, सोंगाड्या काय बोलतो! खरे म्हणजे म्हणायला हवे, तो काय ऐकतो! सरदार म्हणतो, "हा बघ माझा घोडा." बोर्डावर घोडा नसतो. सोंगाड्या जर म्हणाला, "कुठं हाय घोडा? मला तर दिसत न्हाई," तर एकदा हसू येईल आणि गाडी तिथेच रुतेल. पण तो म्हणतो, "झकास हाय की. फकस्त तोंड कुन्या बाजूला हाय तेवढं सांगा." झाले! आता घोडा उभा राहिला. त्याला शेपूट आले, लाथ आली, चारा आला, उधारी आली. समोरच्याने जे दिले ते आधी घ्यायचे आणि मग त्यात आपली भर घालायची, हा या खेळाचा नियम. म्हणून सरदाराचे काम मला सोंगाड्याइतकेच मोठे वाटते. हसू त्याच्या वाट्याला येत नाही, पण तो चेंडू देतो म्हणून दुसरा टोलावतो. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या भावांच्या जोडीने 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार उभे केले. जोडी म्हणजे काय असते ते ज्यांना त्यांचा खेळ पाहायला मिळाला त्यांना सांगायला नको.

शिक्षकमंडळींना एक माहिती इथेच सांगून ठेवतो. अमेरिकेत शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई होत्या. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९४ चा. शहरातल्या गरीब वस्त्यांत परदेशांतून येऊन राहिलेल्या लोकांची मुले त्यांच्याकडे येत. मुलांच्या भाषा निरनिराळ्या, पाठांतर करून नाटक बसवण्याची सोय नाही. तेव्हा बाईंनी खेळ तयार केले. नसलेला दोर ओढायचा, नसलेला चेंडू झेलायचा, एकाने सुरू केलेली हालचाल दुसऱ्याने पुढे न्यायची. त्या खेळांचे त्यांचे पुस्तक १९६३ साली निघाले. त्याआधीच, १९५९ च्या डिसेंबरात, त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने सोबत्यांसह शिकागोत 'सेकंड सिटी' नावाची मंडळी काढली होती, आणि तिथून आयत्या वेळच्या विनोदाची मोठी परंपरा त्या देशात पसरली. म्हणजे ज्या विद्येला आज तिकडे एवढा मान आहे, तिचे मूळ झोपडवस्तीतल्या मुलांच्या खेळात आहे. आपल्या विद्येचे मूळही काही राजवाड्यात नाही, ते पुढे येईलच.

त्याच देशात जॉनाथन विंटर्स नावाचा एक विनोदी नट होऊन गेला. १९६४ साली दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात यजमानाने त्याच्या हातात नुसती एक काठी दिली आणि सांगितले, कर काय करायचे ते. त्या काठीचा त्याने मासे धरण्याचा गळ केला, व्हायोलिन केले, होडीचे वल्हे केले, सिंहाला खेळवणारा झाला, बैलाशी झुंजणारा झाला. काठी तीच, माणूस तोच, काही मिनिटांचा खेळ. याला लागणारे साहित्य आपल्या प्रत्येक शाळेत आहे. ते फार दिवस भलत्याच कामासाठी वापरले गेले, एवढेच.

असो. न लिहिलेल्या बोलण्याची भीती सरकारला नेहमीच वाटत आली आहे. लिहिलेले नाटक आधी मागवून घेता येते, त्यातली वाक्ये तांबड्या शाईने खोडता येतात. जे अजून बोललेलेच नाही ते कसे खोडणार? इंग्रज सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. स्वातंत्र्य आल्यावर मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली आणि पुढे संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. ज्याची संहिताच नाही त्याने ती कुठून आणायची? मग कुणाकडून तरी कागद भरून घ्यायचे, त्यावर शिक्का मारून आणायचा आणि बोर्डावर चढले की आपल्याला हवे तेच बोलायचे. यात फसवणूक होती असे मला वाटत नाही. कागद मागणाऱ्याला कागद मिळाला आणि गावाला तमाशा मिळाला.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. लंडनमध्ये जोन लिटलवूड या बाईंच्या नाटकमंडळीवर १९५८ साली खटला झाला. मंजूर करून घेतलेल्या संहितेत नसलेले बोलणे नटांनी मंचावर केले, हा गुन्हा. त्यात चर्चिलसाहेबांची नक्कलही होती. दंड किरकोळ झाला, पण आयत्या वेळी बोलणे हा तिथे चक्क अपराध होता. ती पूर्वपरवानगीची पद्धत त्या देशात १९६८ साली बंद झाली.

आपल्याकडे १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले. त्यात हवालदाराचे काम करताना दादा कोंडके यांनी सोंगाड्याची ही मोकळीक शहरातल्या नाट्यगृहात नेली. प्रयोग ज्या दिवशी असेल त्या दिवसाच्या राजकारणावरचे बोलणे त्यात येई. त्याच्या आधीपासून इंदुरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न' मधला सावळ्या कुंभार करीत होते. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. हजरजबाबी बोलण्याला दिल्लीने दिलेला हा मान. पण पुरस्कार देणाऱ्याला ते बोलणे कागदावर मागून घेता आले नसते, हेही तितकेच खरे. दादू गेले आणि त्यांचे पुष्कळसे बोलणे त्यांच्याबरोबर गेले. या कलेचे हे नुकसान भरून निघण्यासारखे नाही. ध्वनिमुद्रण असले तरी त्यात सोंगाड्या सापडतो, पण तो ज्यांच्याशी बोलत होता ते गाव त्यात सापडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हे सगळे कुणाच्या जिवावर चालते?

तमाशा ज्यांनी जगवला ती बहुतेक माणसे गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. महार, मांग, कोल्हाटी या समाजांतली. पठ्ठे बापूराव ब्राह्मणाच्या घरातले, पण ते अपवाद. ज्या पाटलाच्या वाड्याच्या पायरीवर दिवसा उभे राहायची चोरी, त्याच पाटलाची रात्री बोर्डावरून टिंगल करायची मोकळीक सोंगाड्याला होती. पाटील पुढे बसून हसत असे. ही मोकळीक त्या रात्रीपुरती, त्या फळीपुरती. सकाळी भाकरीसाठी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे. तेव्हा सोंगाड्याच्या एकेका वाक्यात किती हिशोब असेल याचा विचार करा. पाटलाला टोचले पाहिजे, नाहीतर मागे बसलेले शेतकरी हसणार नाहीत. पण इतके टोचता कामा नये की सकाळी काठ्या निघतील. काय करावे? सोंगाड्याने यावर फार सुंदर तोडगा काढला. तो स्वतःच वेडा झाला. त्याला काही कळत नाही, तो सरदाराचे शब्द चुकीचे ऐकतो, आणि त्या चुकीतून जे निघते ते खरे असते. आता वेड्यावर कोण रागावणार? सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हीच बतावणी हाती धरली आणि तिच्यातून भटजी-सावकारांना उघड जाब विचारला, तो काही उगीच नव्हे. हत्यार तयार होते. धार लावायची तेवढी बाकी होती.

पण हीच मोकळीक उलटी फिरते तेव्हा काय होते, तेही पाहिले पाहिजे. बोर्डावरचा माणूस त्या घटकेला सगळ्यांत बलवान असतो. उजेड त्याच्यावर, आवाज त्याचा, आणि शे-दोनशे माणसे त्याच्या बाजूने हसायला बसलेली. समोरचा एकटा. अशा वेळी जाड्या माणसाला जाड्या म्हणणे, तोतऱ्याची नक्कल करणे, काळ्या मुलीच्या रंगावर बोलणे फार सोपे असते आणि हसूही हमखास येते. तमाशातही हे झाले आहे, बायकांच्या बाबतीत तर फार झाले आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शहरातल्या मंचावर आजही होते. त्याला मी आयत्या वेळचा विनोद म्हणणार नाही. त्यात आयत्या वेळी सुचलेले काहीच नसते. असली वाक्ये त्या माणसाने शाळेच्या मागच्या बाकावरच पाठ केलेली असतात.

पुण्यातल्या एका लहान सभागृहात मी असाच एक कार्यक्रम पाहायला गेलो होतो. दीड-दोनशे खुर्च्या असतील. मंचावरचा गडी तिशीतला, बोलणे चटपटीत. पहिल्या रांगेतल्या एका तरुणाला त्याने विचारले, "काय करतोस?" तरुण म्हणाला, "काही नाही." लोक हसले. "काही नाही म्हणजे? मालक आहेस का?" पुन्हा हशा. तेव्हा तो तरुण खाली मान घालून म्हणाला, "कंपनी बंद झाली. चार महिने झाले."

हशा एकदम थांबला. मी मागच्या रांगेत होतो, पण तिथेही खुर्च्यांची करकर ऐकू येऊ लागली. हीच ती घटका, जिच्यासाठी हा खेळ समोर बसून पाहायचा असतो. मंचावरच्या माणसापुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, "बरं, बरं" म्हणून दुसऱ्या माणसाकडे वळायचे. तसे केले असते तर त्या तरुणाचे दुःख सगळ्यांसमोर उघडे टाकून तो पुढे गेला असता. दुसरी, त्या बेकारीवरच एखादा विनोद ठोकायचा. तो तसा काही करणार की काय, अशी मला भीती वाटली.

त्याने काय केले ते सांगतो. तो मंचाच्या काठावर येऊन खाली बसला, पाय सोडून. त्यामुळे त्या तरुणाच्या आणि त्याच्या डोळ्यांची पातळी एक झाली. मग म्हणाला, "माझं बघ. मी रोज रात्री दोनशे लोकांपुढे मुलाखत देतो. सात वर्षं झाली. अजून कुणी म्हणालं नाही, उद्यापासून या."

लोक हसले, पण जपून. सगळ्यांचे लक्ष त्या तरुणाकडे. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "तुम्हाला निदान मुलाखतीला बोलावतात तरी!"

मग जो हशा झाला तो त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा, आणि तो होता त्या तरुणाचा. मंचावरच्या माणसाने काय केले? काही नाही. त्याने त्या हशावर आपले वाक्य चढवले नाही. हात जोडले आणि हशा ओसरेपर्यंत गप्प बसून राहिला. श्रोतेहो, ध्वनिक्षेपक हातात असताना गप्प बसणे काय असते ते या आकाशवाणीच्या खोलीत बसून बोलणाऱ्यालाही कळते, मग दोनशे माणसांपुढे उभ्या असलेल्याचे काय सांगावे! पुढे तासाभराने दुसऱ्याच कुठल्या विषयात, "आमच्याकडं एक जागा आहे" असे तो सहज बोलून गेला आणि पहिल्या रांगेकडे नुसते पाहिले. सगळ्यांना आठवले. तरुणाने हाताने "नको" म्हणून खूण केली. पुन्हा हशा. सोंगाड्याही असेच करतो. गवळणीत पडलेली काडी तो वगात पेटवतो. आधीचे ऐकलेले विसरायचे नाही आणि ज्याचे त्याला परत करायचे, हे त्या कसबाचे अंग आहे.

त्या तरुणाला तिथे उत्तर देता आले, हे मला मोलाचे वाटले. मंचावरच्याने अशी जागा ठेवली होती की तिथून तो बोलू शकेल. थट्टा कुणाची होते हे बघताना मी आता एवढेच पाहतो, त्या माणसाला उलट बोलायला वाव ठेवला आहे की नाही.

शिक्षकमंडळींनी माफ करावे, पण खेड्यात आयत्या वेळी बोलण्याचे काम रोज कुणी करीत असेल तर ते तुम्हीच. चाळीस मुले समोर, हातात लिहिलेले भाषण नाही, आणि कुठल्या मुलाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही. एका मुलाला धडा वाचायला उभे केले, तो म्हणाला, "आनी पानी आनलं." वर्ग हसला. या हशाला आता कुठल्या बाजूला वळवायचे, हे ठरवायला तुम्हाला सोंगाड्याइतकाच वेळ आहे, म्हणजे एक श्वास. "पुन्हा म्हण बघू, सगळ्यांना ऐकू दे," असे म्हणून गुरुजींनी तो हशा दुपटीने वाढवल्याचे मी पाहिले आहे. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना वाटले, वर्ग खेळीमेळीत चालला आहे. तो मुलगा मात्र उरलेला तास बाकावर नखाने रेघा ओढीत राहिला.

दुसऱ्या एका शाळेत बाईंनी असल्याच प्रसंगी त्या मुलाला विचारले, "तुमच्या घरी पाण्याला अजून काय काय म्हणतात रे? पहिल्या पावसाच्या पाण्याला? विहिरीतल्या गढूळ पाण्याला?" मुलगा सांगत गेला. हसणारी मुले ऐकू लागली, मग आपापल्या घरचे शब्द सांगू लागली, आणि फळा भरला. 'आणि', 'पाणी' हेही बाईंनी त्याच फळ्यावर लिहून घेतले, शेवटी. ते त्या मुलाने बरोबर म्हटले. एक गंमत लक्षात घ्या. तमाशात 'ण' चा 'न' करणारा सोंगाड्याच जिंकतो, आणि शुद्ध बोलणारा सरदार दर वेळी तोंडावर पडतो. शाळेत तेच बोलणारा पोरगा का हरावा?

दसरा झाला की फड बाहेर पडतील. पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. तुमच्या गावची सुपारी गेली असेल तर तमाशा बघा, आणि या वेळी नुसते सोंगाड्याकडे बघू नका. तो बोलत असताना सरदाराचे तोंड बघा, मागे झील धरणारा पोरगा कुठे हसतो ते बघा. तो जिथे हसतो ते वाक्य त्यानेही पहिल्यांदाच ऐकलेले असते. म्हणजे तेवढे खरेच आयत्या वेळचे, असे खुशाल समजा.

आणि सकाळी लवकर उठा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फडांच्या हजेऱ्या असतात. तिथे तंबू नसतो, दिव्यांचा झगमगाट नसतो, नुसते ऊन असते. रात्रीची रंगलेली तोंडे उन्हात ओळखू येत नाहीत, झोप कुणाचीच झालेली नसते, आणि सोंगाड्याला रात्रीच्याच गावापुढे पुन्हा उभे राहायचे असते. रात्री त्याने ज्याची थट्टा केली तो माणूस हजेरीला आला आहे का, ते बघा. आला असेल तर कुठे उभा आहे, मागे झाडाखाली की पुढे सोंगाड्याच्या समोर, आणि सोंगाड्याची नजर त्याच्याकडे गेल्यावर आधी कोण बोलतो.